उलटी बशी

लाँग्टनमध्ये कुणाच्याही घरी जा,
चहा ओतण्याआधी माणसं बशी उलटून बघतात,
तळाचा शिक्का वाचतात, मान हलवतात.
मग चहा.
नवी होते तेव्हा वाटायचं, ही काय रीत,
यजमानाच्या तोंडावर बशीची जात विचारायची!
आता मीही उलटते.

बेरिल टनिक्लिफ कडेवर सोनं ओढायची.
चाक फिरतं, ब्रश टेकतो, श्वास थांबतो,
रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळते,
सांधा शोधून सापडत नाही.
चौतीस वर्षं.

मी वरच्या मजल्यावर, पगाराच्या टेबलाशी.
त्या हिवाळ्यात रेडिओवर रोज एक गाव यायचं,
पोलाद, टायर, गाड्यांचे दरवाजे,
आणि फेब्रुवारीत आमची यादी आली.
एकशे बारा नावं. सोबत नियम:
एक्केचाळिशीनंतरच्या वर्षाला दीड आठवड्याचा पगार,
आधीच्या वर्षाला एक,
आणि वर्षं धरायची फार तर वीस.

चौतिसांतून वीस धरली.
हातचे चौदा कुठे मांडू?
संगणकाला तसा रकानाच नव्हता.
साडेचोवीस आठवडे, त्यानं सांगितलं. मी छापलं.

पाकीट घ्यायला आली तेव्हा नखांत सोनं होतं.
"तुझं नाव आहे का गं, डक?"
"पुढच्या यादीत."
तिनं माझा खांदा थोपटला.
तिनं, माझा.

भट्टी विझवली तरी लगेच निवत नाही.
तीन दिवस नेव्हिल कोकली
डबा घेऊन यायचा, विटांना पाठ लावून बसायचा.
चौथ्या दिवशी आला नाही.
अंगणात प्लास्टरचे साचे फेकत होते,
कानांचे, तोट्यांचे, झाकणांचे,
वर बर्फ पडलं, आणि काय साचा, काय बर्फ,
कळेनासं झालं.

जूनमध्ये बेरिल माझ्या घरी आली.
सुपरमार्केटातल्या बश्या, सहाचा संच.
मी ट्रे ठेवला आणि उगाच खिडकी उघडायला गेले.
मागे वळले तर बशी उलटीच तिच्या हातात,
तळाला भलत्याच देशाचं नाव.
ती काही बोलली नाही.
बशी सुलटी केली,
नखानं कडेवरून एक पूर्ण फेरी मारली,
सावकाश, श्वास रोखून.

"साखर दोन," म्हणाली.