शहाण्णव खण

मिरजेत, स्टेशन रोडच्या मागं,
उपाध्ये डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं कपाट.
शहाण्णव खण, प्रत्येकात साबुदाण्याएवढ्या गोळ्या राहणार.
सागवान शिराळ्याचं. सुतारकाम भावाचं.
पॉलिश माझं.

बोळ्यानं केलं असतं तर महिना गेला असता,
आणि इलाही मिस्त्रींच्या हाताखाली
वीस वर्षं आठाचे आकडे गिरवून
माझा उजवा खांदा
आता केस विंचरायलासुद्धा कुरकुरतो.
म्हणून गन घेतली,
कुपवाडच्या गाड्या रंगवणाऱ्याकडून, जुनी,
नोझलच्या मानेत कुणाच्या तरी जीपचा निळा.

सोमवारी पहिला हात मारला.
खणांवर संत्र्याची साल.
लाख जाड झाली, म्हणून स्पिरिट ओतलं.
मंगळवारी ओघळ,
एकेका खणाला मिशी फुटली.
गन लांब धरली तर वाटेतच वाळली लाख,
हात फिरवला तर गिरणीतल्या बाकासारखा खरखरीत.
घासलं. पुन्हा घासलं.
सोहेल म्हणाला, मामा, चहा तरी पिऊ.

बुधवारी जमलं.
एक वीत अंतर, मनगट ताठ,
खणाच्या अलीकडं चालू, पलीकडं बंद.
दहा खण असे उजळले
की कड्या न लावताच बघत बसावं.
अकराव्याला पांढरं आलं.
मग बाराव्याला. मग सगळ्यांना,
जसा एकदम मोतीबिंदू.

भाऊ म्हणाला, श्रावण आहे, हवाच ओली.
मी म्हणालो, हवा नाही,
तुझं लाकूडच ओलं.
त्यानं रंधा पिशवीत टाकला
आणि सायकलवर बसून गेला.

भिजवलेली जुनी लाख गटारात दिली.
नवी चपडी भिजवली, मलमलीतून गाळली.
शेगडी नको, स्पिरिट आहे;
लांब कोपऱ्यात दोन हॅलोजन लावून
लाकडासारखा मीच वाळलो.
पांढरं ते पांढरंच.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या.
रागावतील म्हणून मी हात पुसत उभा.
त्यांनी चष्मा वर केला, बोट लावलं.
कधी होतं हे? सकाळी का उतरत्या दिवशी?
कशानं वाढतं? कशानं बरं वाटतं?
मी म्हणालो, बाई, लाकूड आहे हो.
असू दे की. सांगा.

सांगायला लागलो तेव्हा मलाच ऐकू आलं:
सकाळी पहिले दहा चांगले जातात.
मशीन तापलं की मग.

त्या गेल्यावर काम्प्रेसरच्या पोटाखाली झोपलो.
तिथं एक नट आहे.
घेतल्यापासून त्याला पान्हा लावला नव्हता,
तो तिथं आहे हेच ठाऊक नव्हतं म्हणा.
अर्धा फेरा दिला
आणि तपकिरी पाणी,
गंजाचं, कुबट, फुसफुसत,
येतच राहिलं.
सोहेलनं बादली धरली. भरली.
दोन वर्षं मी हवा भरतोय असं समजत होतो.

लाखेचं एक बरं असतं.
नव्या पॉलिशी एकदा रुसल्या की रुसल्या,
तासून काढाव्या लागतात.
ही वाळली, कडक झाली, तरी
स्पिरिटशी ओळख ठेवते.
नुसतं स्पिरिट भरलं गनमध्ये,
कोरड्या हवेवर, धुक्याएवढंच,
आणि खणांवरचं पांढरं
आतल्या आत विरघळून गेलं.
खाली सागवानाच्या रेषा. सरळ.
कोरडं होतं लाकूड. पहिल्यापासून कोरडं.

रात्री भावाला फोन लावला.
टाकीत पाणी होतं, म्हणालो.
किती?
बादलीभर.
तिकडं भांडी घासल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.
कड्या पितळीच ना, त्यानं विचारलं,
का स्टीलच्या म्हणतायत बाई?
पितळी, म्हणालो.
येतो उद्या. नऊला.