पाच मिलिअँपिअर

टाकीवरच्या घंटीची तार माकडांनी दोनदा ओढून नेली,
दुसऱ्यांदा घंटीसकट.
म्हणून ठरवलं, तारच नको.
वर तळहाताएवढं सौर पॅनल, एक सेल,
एक चिप, बहुतेक वेळ झोपून राहणारी,
आणि तिघऱ्याचं पाणी टाकीत पडायला लागलं
की खाली फाळकेबाईंच्या उशाशी पिरपिर.

बाई बहात्तरच्या. पाणी एक दिवसाआड,
कधी पहाटे चारला, कधी पावणेसहाला.
त्या सव्वीस पायऱ्या चढून टाकीला कान लावतात,
मग उतरून तिन्ही बिऱ्हाडांची दारं ठोकतात.
गुडघ्यांचं विचारलं तर म्हणतात, आहेत अजून, दोन्ही.

कागदावर सगळं सरळ होतं.
पॅनलच्या वाटेत एक डायोड,
दिवसा कमावलेलं रात्री उलट्या पावली जाऊ नये म्हणून.
सेल फॉस्फेटचा, जूनचे सत्तेचाळीस अंश सोसेल असा,
ठेवला पॅनलच्याच सावलीत, पण बोटभर लांब,
कारण सावली देणाराही तापतो.
तीन पूर्णांक सहा व्होल्टला चार्जिंग थांबायचं.
थांबत होतं.
दिवाळीपासून घंटी एकदाही चुकली नाही.

मग जानेवारी.
पुस्तकात धुकं म्हणतात, लष्करात आम्ही कोहराच म्हणतो.
सूर्य असतो, पण दुधात पडलेल्या बत्ताशासारखा,
बघता बघता विरघळून जातो.
पाचव्या रात्री घंटी वाजलीच नाही.
बाई सवयीने उठल्या होत्या म्हणून पाणी मिळालं.
सकाळी मला म्हणाल्या, तुझं यंत्र गारठलं गं.

मी कोहऱ्याला बोल लावला.
म्हटलं, दुप्पट मोठं पॅनल घेऊ, नया बाजारात मिळेल.
निखत, माझ्याच लॅबमधली, शेवटच्या वर्षाची,
काही बोलली नाही.
तिने मीटर मालिकेत लावला, चिप झोपली असताना,
आणि माझ्याकडे फिरवून धरला.

पाच मिलिअँपिअर.

चिप खात होती सहा मायक्रो.
बाकी सगळं मधला रेग्युलेटर,
तीन पायांचा, पाच रुपयांचा,
नुसतं हजर राहण्याचं घेत होता.
दिवसाला एकशेवीस, पाच दिवसांत सहाशे,
सेलमध्ये होतं तेवढं सगळं.
आणि तो तिथे मीच घातलेला, विचार न करता,
वीस वर्षं फळ्यावर काढते तसा.
सेलचे तीन पूर्णांक दोन चिपला थेट चालतात,
मधे कोणी लागतच नव्हतं.

काढला. डाग तेवढा राहिला बोर्डावर.
बोर्डावरचा लाल दिवाही उपटला,
टाकीच्या झाकणाखाली तो कुणासाठी जळत होता?
आता ऊन दोन महिने फिरकलं नाही
तरी घंटी वाजेल. निखतने हिशेब दोनदा केला,
मी एकदा. जुळला.

परवा वर गेले, झाकणाचा स्क्रू आवळायला.
कोहरा इतका की शेजारची गच्ची नव्हतीच.
पत्रा, पाइप, कठडा, सगळ्यावर दंव,
पॅनल मात्र कोरडं, लख्ख,
आणि टाकीच्या कडीला बांधलेलं एक फडकं,
जुन्या परकराचं, धुऊन वाळत घातलेलं.

म्हणजे या रोज चढतात.
घंटी वाजो न वाजो, सव्वीस पायऱ्या,
माझ्या यंत्राचं तोंड पुसायला.

खाली येऊन सांगितलं, बाई, गरज नाही त्याची.
फार तर महिन्यातून एकदा पुसा.
त्या तांदूळ निवडत होत्या.
बरं, म्हणाल्या.
थोड्या वेळाने, मान वर न करता:
पण त्याला दिसायला नको का?

आज पहाटे साडेचारला घंटी वाजली.
उठून जिन्यात आले तर वरून
त्यांच्या चपला उतरत होत्या, एकेक पायरी, सावकाश.
मी तिथेच भिंतीला टेकून मोजत राहिले.
हे कोणत्या रकान्यात धरायचं ते मला अजून कळलेलं नाही.
वहीत फक्त तारीख घातली, आणि व्होल्टेज:
तीन पूर्णांक एकतीस.