पावणेतीन तोळे

ऑरव्हिल ट्वेटचं दुकान होमरच्या खाडीकाठी,
बोटी दुरुस्त करायच्या यार्डामागे.
आत डिझेलचा वास, अक्रोडाच्या भुशाचा वास,
काउंटरवर ओळीनं उभी पितळी काडतुसं.
"बोल, केवढी हवी?"
जणू मी चपला घ्यायला आले होते.

मी नदीवर सामन मोजते. पगार त्याचाच.
जून ते सप्टेंबर बांधाच्या फटीपाशी बसायचं,
बोटात क्लिकर,
एक, एक, एक.
त्या माशांवर डोळा ठेवून असणारी
मी एकटीच नसते तिथं.

ट्वेट गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतो.
ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा.
मी चिपळूणच्या सोनाराची मुलगी;
अलास्कात वीस वर्षं काढली तरी
डोक्यात तराजू लागतोच: गुंज, मासा, तोळा.
तीनशे पंचाहत्तरची गोळी, एक तोळा आठ मासे.
चारशे सोळाची, सव्वादोनला जरा कमी.
चारशे अठ्ठावन्नची
पावणेतीन तोळे, वर काटा किंचित झुकता.
आईची एक पाटली एवढीच होती.
दुकान बसलं तेव्हा तीच आधी गेली.

"ही," मी म्हणाले.

"का?"
अस्वल मोठं असतं, म्हणाले.
मनात म्हणाले,
वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो,
मग जड नावानंच हाक मारलेली काय वाईट?

तो काही बोलला नाही.
मागच्या खडीच्या खाणीत घेऊन गेला,
कुणा गिऱ्हाइकाची तयार रायफल हातात दिली.
स्वतः भरायचा, मला द्यायचा.
पहिला बार: क्षितिज उडालं.
दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात.
ही दुभती नव्हती.
दुसरा बार: दात दातांवर,
पाटीच्या डाव्या काठाला भोक.
तिसऱ्याला मी गाल लाकडाला टेकवला,
श्वास अर्धा सोडला,
चाप ओढला.

टिक्.

एवढंच. घड्याळाचा काटा सरकावा तसं.
पण माझा खांदा अगोदरच मागे पळाला होता,
नळी खाली झुकली होती,
आणि डोळे,
डोळे मी गच्च मिटून घेतले होते
रिकाम्या काडतुसासाठी.

"तिसरं मी मुद्दाम रिकामं भरलं," ट्वेट म्हणाला.
कान सोनारानंच टोचावेत म्हणतात.
सोनाराच्या मुलीचे एका लोहारानं टोचले,
तेही कानांवर बार थोपवायचे डबे असताना.

मग परतताना, पिकअपमध्ये,
हीटर धाप टाकत होता तेव्हा
मी त्याला ऑगस्टमधलं सांगितलं.
अकरा पावलं. मी नंतर मोजली, आपली सवय.
मादी होती, ओठाला माशाची अंडी चिकटलेली.
खात्याची रायफल माझ्या मांडीवर होती
आणि मांडीवरच राहिली.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग फटीतून एक सामन काढला
आणि गेली.
त्या संध्याकाळच्या नोंदीत तो मासा मी धरला नाही.

"म्हणजे तुला अस्वलासाठी नको आहे," तो म्हणाला.
"त्या दिवसासाठी हवी आहे.
त्या मापाची मी बनवत नाही."

ऑर्डरच्या कागदावर त्यानं लिहिलं:
तीनशे पंचाहत्तर. नळी बावीस इंची.
दस्ता अर्धा इंच आखूड, बाईंचे हात लहान.
नावाच्या जागी सुलभा पोतदार,
स्पेलिंग दोनदा चुकवून.

रायफल मार्चअखेर मिळेल.
तोवर त्यानं एक जुनी दिली आहे, बोल्टमध्ये खोटं काडतूस.
रोज रात्री भांडी घासून झाली की
मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर नेम धरते.
आज सत्तावीस तारीख.
टिक्.
मिटले.
पुन्हा.
टिक्.
डावा उघडा राहिला, वाटतं.
बाहेर बर्फ पडतोय, डोंगरात कुठंतरी ती झोपली असेल,
तिला आकडे ठाऊक नाहीत.
पुन्हा.