नाव काढणं

पोरांनी गावाचं नाव काढावं, असं म्हणतात.
मी काढते.
छोटी कात्री, चिमटा, भिंगाचा दिवा.
एका जर्सीला अठरा मिनिटं लागतात.

एल्डरपोर्ट, आयोवा. नदीच्या वळणावरचं गाव.
एकेकाळी निम्म्या देशाच्या सदऱ्यांची बटणं इथून जायची.
शिंपले उपसायचे, उकळायचे,
आणि यंत्राखाली धरून गोल चकत्या काढायच्या
दिवसभर, खोकत.
माझे आजोबा त्या यंत्रावर होते.
रविवारी हीच माणसं मैदानात उतरायची,
भुवयांवर भुकटी तशीच.
संघाला नाव कुणी दिलं नव्हतं.
पलीकडच्या काठावरचे ओरडले, “आले बघा शिंपलेवाले!”
शिवी होती.
यांनी ती छातीवर शिवून घेतली.

ते पहिलं नाव. लाल फेल्टचं, माझ्या आजीच्या हातचं.

मग प्लास्टिक आलं, कारखाना गेला.
नाव राहिलं, लोकरीला कसर लागेपर्यंत.
मग वरच्या एका मोठ्या क्लबने संघ पोसायला घेतला
आणि स्वतःचं नाव लावलं,
दत्तक पोराला लावतात तसं.
नऊ वर्षांनी सोडून दिलं. दुसऱ्याने घेतलं.
सहा वर्षं आम्ही पाणकावळे होतो,
अकरा वर्षं इंजिनं,
आणि एक उन्हाळा नुसतेच ‘एल्डरपोर्ट’,
कारण वकिलांचं भांडण मिटलं नव्हतं.
सगळ्यात जास्त सामने त्याच वर्षी जिंकलो.

नव्या कापडाला पैसे नसायचे तेव्हा
जुन्याच जर्सीवर नवं नाव.
उसवलेल्या जागी रंग गडद राहतो.
उन्हात पोरगं पाठमोरं वळलं, पुन्हा समोर आलं,
की पाणकावळ्यांखाली कुणीतरी दिसायचं.

यंदाचा मालक डेन्व्हरचा.
म्हणतो, टोप्या खपल्या पाहिजेत.
म्हणून आता आम्ही ‘मिशाळ मासे’,
गॉगल घातलेला एक मासा, हातात बॅट.
मालक नाव ठेवतो, गाव नावं ठेवतं.
टोप्या मात्र खपल्या. माझ्या भाच्याकडे तीन आहेत.
तिसऱ्या बेसमागे बसणारा ओटिस क्रुंबोल्ट्झ
अजून “चला, शिंपलेवाले!” म्हणून ओरडतो.
त्याला ऐकू येत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

पोरं कुठे टिकतात?
एकोणीस-वीस वर्षांची. वर जातात, नाहीतर घरी.
गेल्या जूनमध्ये विल्किन मोंतास आला,
डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या कुठल्याशा उसाच्या गावचा, शॉर्टस्टॉप.
पावसानंतर त्याच्या पायाशी जमिनीतून शिंपला वर आला,
पाच गोल भोकं पडलेला.
कारखान्याचा कचरा टाकूनच हे मैदान उंच केलंय.
तो तो घेऊन माझ्याकडे आला,
भोकातून एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला,
“याला गोळ्या कुणी घातल्या?”
मी आजोबांचा डबा उघडून एक बटण त्याच्या तळहातावर ठेवलं.
त्याने ते भोकात बसवून पाहिलं.
बसलं नाही. सैल होतं.
घासताना झिजतात ना, मी म्हटलं.

हे कुणाला सांगितलेलं नाही:
प्रत्येक जर्सीचं सगळ्यात खालचं बटण,
विजारीत खोचलं जातं ते,
मी शिंपल्याचं लावते.
इंजिनांनाही लावलं होतं. या माशांनाही.
डब्यात आता चाळीसेक उरली असतील.

ऑगस्टमध्ये विल्किनला वर बोलावलं, रात्रीच्या बसने.
जर्सी धुऊन माझ्याकडे आली, नाव काढायला.
मोंतास. सहा अक्षरं, पाठीवर.
मी दिवा लावला, कापड उलटं केलं.
खालचं बटण जागेवर नव्हतं.
तुटलं नव्हतं. दोरा कापलेला होता,
दाताने असावा, टोक ओलं करून चपटं झालेलं.

दुसरं लावायला मी सुई ओवली.
मग तशीच उशीला टोचून ठेवली
आणि आधी नाव उसवायला घेतलं.