आणीबाणीत कळवायचं नाव

इराण्णाचा फोन आला तेव्हा डंखावर गिऱ्हाईक होतं.
एका कानात मिरचीचा धडधडाट,
दुसऱ्या कानात तो:
अक्का, पिशवी आठ किलोच्या वर नको,
होडी एका माणसाची हाय.
आणि सुती काही घेऊ नका,
भिजलं की रात्रभर वाळत न्हाई.

एक्कावन्न वर्षं सुतीत गेली.
भाची मागं सोडून गेलेला ट्रॅकसूट घालून बघितला.
आरशात शाळेतली खेळाची बाई.
हसले. मग तसाच ठेवून कांदे चिरले,
अंगाला सवय व्हावी म्हणून.

रबरी पिशवी वडापच्या ड्रायव्हरकडून आली.
तोंड तीनदा वळायचं, मग चाप लावायचा.
बॅटरी, डोळ्यांचे थेंब, चादर,
कडक भाकऱ्या बारा, शेंगाची चटणी,
आणि तळाशी, इराण्णापासून लपवून, एक सुती पातळ.
मिरचीच्या काट्यावर ठेवली. नऊ दोनशे.
आरसा काढला. चटणी काढली, परत ठेवली.
पातळ काढलं, थोडा वेळ हातातच राहिलं.
सात नऊशे.
पिशवीच्या बुडाला काट्यावरची लाल पूड चिकटली.
हिडकलच्या पाण्याकाठी रात्री कुणीतरी शिंकेल,
त्याला कळणार नाही की संकेश्वर आलंय.

संध्याकाळी पाटावर बसायचं, पाय लांब करून,
खराट्याचा दांडा दोन्ही हातांत.
हातानं नव्हे अक्का, कमरेतून वळा.
जातं ओढल्यासारखं का रे?
व्हय, तसंच. पण जातं एका जागी असतंय.

त्यावर मी फोन ठेवल्यानंतरही बराच वेळ बसून राहिले.

केशरी जाकीट तिथं मिळणार आहे.
आबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून
विहिरीत सोडलं होतं, तेव्हा मी नऊ वर्षांची.
दोन उन्हाळ्यांत भोपळा सुटला.
तिसऱ्या उन्हाळ्यात न्हाण आलं
आणि विहीर बंद.

कागद कन्नडात आहे. हिशेबापुरती अक्षरं मला येतात,
बाकीचं पोस्टातल्या पोरानं सांगितलं.
वजन: काट्यावर स्वतःच उभी राहिले.
पोहता येतं का: लिहिलं, यायचं.
आणीबाणीत कुणाला कळवायचं,
तासाभरात हिडकलला पोचेल असं माणूस?

पेन थांबलं.
भाची पुण्यात.
ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली,
नंबर अजून बोटांना पाठ आहे,
तोच लिहीत होते, चौथ्या आकड्यावर खोडला.

दोन कप चहा झाला. मग निंगव्वाची कडी वाजवली.
दीड वर्ष बोलणं नव्हतं.
माझ्या डंखाची धूळ तिच्या सांडग्यांवर,
तिच्या मोरीचं पाणी माझ्या पोत्यांखाली.
दार उघडून ती म्हणाली,
चार दिवस बघतोय खिडकीतनं,
खराटा घेऊन बसल्या जागी काय झाडतीस?
उद्या डाक्टरला आणणार होतो.

तिनं आकडे सांगितले, एंटु, एळु, एळु, सोन्ने,
मी आठ सात सात शून्य लिहीत गेले.
फोन आला तर मी काय सांगू?
तू काही सांगायचं नाही गं, ते सांगतील.
ती गप्प झाली.
आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला,
येताना हातात नायलॉनचं पातळ, जांभळं, घडीवर पिवळा डाग.
हे घे. भिजलं तरी झाडाला टाकलं की वाळतंय.

घरी येऊन पिशवी पुन्हा उघडली, पुन्हा तीनदा वळली.
आठ दोनशे.
चटणीकडं बघितलं.
काटा माझा, डंख माझा.
चाप लावला.
पहाटे पाचला वडाप येणार आहे,
निंगव्वा म्हणाली, दार वाजवून जा.