काचेआडून सात मिनिटं

काचेच्या खोपटात आम्ही दोघी बसतो, मी आणि सिल्या.
अर्ध्या अर्ध्या तासाने आवाज बदलतो.
कानात फिनिश, तोंडात इंग्रजी,
मधल्या पोकळीत माझं असं काही नसतं.
ब्रसेल्समध्ये अकरा वर्षं: मासेमारीचे कोटे,
शिड्यांच्या पायऱ्यांमधलं अंतर, मधाच्या बरणीवरचं लेबल.
सगळं जिभेवरून गेलं,
जिभेला चव लागली नाही.

गुरुवारी ओर्वोक्की हिएताला आली.
वय एकसष्ट, गाव राउमा, बंदराच्या कचेरीत हिशेबनीस होती.
हातात कापडी पिशवी, पिशवीत घरचा थर्मास.
दारावरच्या पहारेकऱ्याने तो तीनदा हुंगला.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तिने
बोटींच्या वेळांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता:
घड्याळ मागे गेलं की एक तास दोनदा येतो,
त्याचं काय करायचं, एवढाच.
लिहिला आणि ठेवला उघड्यावर,
शेजारी भिंतीला शिडी टेकवून ठेवतात तसा,
हवी त्याने न्यावी.
शिडी गेली ती परत आलीच नाही.
आता ती डायलिसिसच्या यंत्रात आहे, फेरीच्या दारात आहे,
कुठल्याशा शहराच्या रस्त्यावरच्या दिव्यांत आहे,
आणखी कुठे ते तिलाही ठाऊक नाही.

मसुद्यातल्या कलम नऊने तिला नाव दिलंय: उत्पादक.
उत्पादकाने दोष चोवीस तासांत कळवावा.
उत्पादकाने दहा वर्षं कागद जपावेत.
उत्पादकाने दंड भरावा. आकडा छापलाय,
त्यात तिची राउमातली अख्खी गल्ली विकत येईल.

"माझ्याकडे कारखाना नाही," ती म्हणाली,
"स्वयंपाकघरातलं टेबल आहे. त्याचा एक पाय डुगडुगतो."
मी 'डुगडुगतो'साठी शब्द शोधत राहिले
तोवर ती पुढे गेली होती.

मग म्हणाली, माझं काम वापा आहे, इल्माइनेन नव्हे.
आमच्याकडे मोकळं वेगळं, फुकट वेगळं.
इंग्रजीत दोघांना एकच दार.
अर्ध्या सेकंदात मी ते दार लोटलं,
आणि सभागृहाने ऐकलं: बाई फुकट राबते.
दोघंतिघं कौतुकाने हसले.
तिने मान वर करून थेट काचेकडे पाहिलं.
मी माइकमध्ये म्हटलं, दुभाष्याची दुरुस्ती.
अकरा वर्षांत दुसऱ्यांदा.

मसुदा लिहिणारा घेंटचा पोरगा, लीव्हन, वाईट नव्हता.
त्याने समोरचे कागद बाजूला सारले.
"माझ्या वडिलांचं रक्त आठवड्यातून तीनदा
त्या यंत्रातून जातं. काही बिघडलं
तर रात्री कोण उठतं?"

थर्मासचं झाकण फिरवता फिरवता ती थांबली.
मीही थांबले. शांततेचा अनुवाद करायचा नसतो,
माइक मात्र चालू ठेवायचा असतो.

"मी उठते. दोन हजार नऊला उठले, चौदाला उठले.
मागच्या वर्षी अंगात ताप होता, तरी उठले.
यंत्रं विकणारे पुढच्या रांगेत बसलेत,
त्यांच्यातलं कोण उठलं, विचारा.
कायदा करा. करायलाच हवा.
पण शिडी ज्याने विकली त्याला बांधा,
जिने टेकवून ठेवली तिला कशाला?
आणि मी मेल्यावर कोण उठेल
तेही एखाद्या कलमात लिहा,
मला ते खरंच माहीत नाही."

लाल दिवा.
पुढची रांग पाणी प्यायली.
कलम नऊ पुढच्या सत्रावर गेलं,
आणि मधाच्या बरण्या पुन्हा आल्या.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर ती एकटीच उभी होती.
थर्मासात उरलेली कॉफी तिने झाकणात ओतली
आणि झाकण माझ्यापुढे धरलं. कोमट, कडू.
"दुरुस्ती बरी केलीस," म्हणाली.
मी म्हटलं, राहा ना दोन दिवस, शहर बघा.
ती ट्रामच्या वाटेकडे बघत म्हणाली,
"रविवारी पहाटे घड्याळं मागे जातात.
शनिवारी मला टेबलाशी असायला हवं."