तीन दिवसांचा फवारा

डुलूथला उणे वीस. तोइवोचं नाक
बंदरासारखं थिजून बंद.
मांडणीवरच्या लाल डब्या दोन संपल्या,
फरक शून्य.

"त्या गोळ्या नुसत्या नावाच्या," मार्लिस म्हणते,
"लागू पडणारी इथं, माझ्या पाठीमागं.
लायसन्स दाखवा, सही करा."
सर्दीला सही! तो हसतो,
तोंडानंच श्वास घेत.

"रक्तदाब?"

टोपी काढतो. थाप मारायला जातो,
शिंकतो.

मग मिठाच्या पाण्याची बाटली आणि एक फवारा.
"तीनच दिवस हं, पुढं नाकच रुसतं."

तीन पुरेत.
शनिवारी चर्चची गाडी येणार
लेम्पीचे कोट न्यायला.
त्याआधी एकदा
कपाटात डोकं घालायचंय,
वेलदोडा अजून आहे का बघायला.